रूट कॅनॉल करून घेताना: पहिल्या ठणक्यापासून कॅप बसेपर्यंत

दाढ ठणकते म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाला ‘रूट कॅनॉल करावे लागेल’, म्हणजे दाताच्या मुळांतली बिघडलेली नस काढून आतल्या वाहिन्या साफ करून भराव्या लागतील, असे सांगितले की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो दुखण्याचा आणि दुसरा खर्चाचा. या दोन्ही प्रश्नांचा विचार पुढे केला आहे. मात्र त्याआधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण नाशिक शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत माझ्या ओळखीच्या ज्या माणसांचे दात रूट कॅनॉल करूनही गेले, त्यांतील बहुतेकांचे ते ही गोष्ट वेळेवर न कळल्यामुळे गेले. ठणका थांबणे हा या उपचाराचा केवळ आरंभ आहे. तो बहुधा पहिल्या सिटिंगनंतरच ओसरतो. दात वाचतो तो त्यानंतरच्या कामामुळे, म्हणजे मुळांची नीट सफाई, त्यांचे घट्ट भरण आणि वरची कॅप यांमुळे. म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वीच तो शेवटपर्यंत नेण्याची तयारी करावी. ती कशी करावी, प्रत्येक टप्प्यावर काय विचारावे आणि कोणत्या वेळी मुळीच थांबू नये, हे पुढे क्रमाने दिले आहे. तुमच्या दाताचा निर्णय अर्थातच तो दात पाहणारे डॉक्टर घेतील.

दाताच्या आत काय बिघडते

दाताचा बाहेरचा पांढरा, कठीण थर म्हणजे इनॅमल. त्याच्या आत पिवळसर आणि तुलनेने मऊ डेंटिन असते आणि त्याच्याही आत, दाताच्या मधल्या पोकळीत, रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशी यांनी बनलेला मऊ भाग असतो, ज्याला आपण सगळेच नस म्हणतो. ही नस मुळांमधल्या अतिशय अरुंद वाहिन्यांतून जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचलेली असते. कीड इनॅमल पोखरून डेंटिनमध्ये शिरली की थंड पाण्याने किंवा गोडाने क्षणभर सणक येते आणि लगेच जाते. या टप्प्यावर कीड काढून सिमेंट भरले तर तेवढ्यावर काम भागते, आणि रूट कॅनॉल टाळण्याची खरी वेळ तीच असते.

कीड आणखी खोल गेली की नसेला सूज येते. शरीरात इतरत्र सूज आली तर तो भाग फुगतो. दाताच्या आत मात्र चारही बाजूंनी कठीण भिंती असल्यामुळे फुगायला जागाच नसते आणि आतला दाब वाढत जातो. ठणका लागतो तो या दाबामुळे. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब थोडा वाढतो, म्हणून दिवसभर कशीबशी सोसलेली दाढ रात्री अंथरुणावर पडताच झोप उडवते. गरम चहाने सुरू झालेली कळ घोट गिळल्यावरही बराच वेळ राहणे, काही खाल्लेले नसताना आपोआप ठणका लागणे, कळ कानापर्यंत किंवा कानशिलापर्यंत जाणे आणि नेमका कोणता दात दुखतो हे सांगता न येणे, ही नस पुन्हा बरी होण्याच्या पलीकडे गेल्याची लक्षणे आहेत.

यानंतरचा टप्पा फसवा आहे. नस पूर्ण मेली की ठणका एकाएकी थांबतो आणि माणसाला वाटते, दाढ बरी झाली. प्रत्यक्षात जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरलेले असतात आणि तिथे हळूहळू हाड झिजू लागते. कधी त्या दातापाशी हिरडीवर लहानशी पुटकुळी येते, तिच्यातून अधूनमधून खारट चवीचा पू येतो आणि पू बाहेर पडत राहिल्यामुळेच दुखत नाही. अशी न दुखणारी पुटकुळी दिसली तर ती आरशात नीट पाहावी, कोणत्या दातापाशी आहे हे लक्षात ठेवावे आणि ठणका नसला तरी दवाखाना गाठावा.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत

घरी तात्पुरता आराम मिळवण्यासाठी लवंग तेलाचा एखादा थेंब कापसाच्या अगदी लहान बोळ्यावर घेऊन दातातल्या खड्ड्यात थोडा वेळ धरता येतो; तेल हिरडीवर किंवा गालाच्या आत लागू देऊ नये, कारण त्याने आतली त्वचा भाजते. अॅस्पिरिनची गोळी कुटून हिरडीवर दाबण्याने तर हमखास भाजते. मशेरी किंवा तंबाखूची चिमूट दाढेत धरण्याची सवय आपल्याकडे अजून अनेक घरांत आहे. तिने ठणका बधिर झाल्यासारखा वाटतो, पण दात सुधारत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र वाढतो. गालावर सूज असताना बाहेरून गरम शेक देऊ नये, त्याऐवजी कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरावा.

गोळ्यांबाबत अधिक काळजी घ्यावी. वेदनाशामक गोळीने काही तास निघतात, परंतु मेडिकलमधून दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या घेतल्या आणि दोन्हींत औषध एकच निघाले, असे सहज घडते. किडनीचा विकार, अल्सर किंवा दमा असलेल्यांनी विचारल्याशिवाय अशी गोळी घेऊच नये. अँटिबायोटिकचा समज तर दूर व्हायलाच हवा. सुजलेल्या नसेचा ठणका अँटिबायोटिकने थांबत नाही आणि मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच उरलेला नसल्यामुळे औषध तिथपर्यंत पोहोचत नाही. ताप आहे, सूज पसरते आहे, अशा वेळी डॉक्टर ते देतात आणि तेव्हा ते आवश्यकच असते. पण प्रत्येक ठणक्याला मागच्या चिठ्ठीवरचा तोच कोर्स घेण्याने दात तसाच राहतो.

एक प्रसंग मात्र असा आहे की त्यात दंतवैद्यांच्या वेळेची वाटही पाहू नये. सूज जबड्याखाली किंवा मानेकडे उतरली असेल, तोंड पुरते उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, सोबत ताप असेल, तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जावे. नाशिक शहरात त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालय आहे. खालच्या दाढेतला संसर्ग जिभेखालच्या आणि मानेच्या भागात पसरला तर श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो, आणि तेव्हा प्रश्न दाताचा राहत नाही.

नाशिकमध्ये कोठे जावे

कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको, सातपूर, नाशिक रोड, पंचवटी, कोणत्याही भागात दातांचा दवाखाना सापडतो, त्यामुळे अडचण असते ती निवडीची. बीडीएस ही दंतवैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टर रूट कॅनॉल करतात आणि साध्या दाताचे काम ते उत्तम करू शकतात. मुळे फार वाकडी असतील, आधी केलेले रूट कॅनॉल बिघडले असेल किंवा वाहिन्या बंद झाल्या असतील, तर कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री आणि एंडोडॉन्टिक्स, म्हणजे दात वाचवण्याच्या आणि मुळांच्या उपचाराच्या विषयात, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्या तज्ज्ञांकडे जाणे योग्य. अनेक दवाखान्यांत असे तज्ज्ञ ठरावीक दिवशी येतात, म्हणून ‘हे काम स्वतः आपण करणार की बाहेरून तज्ज्ञ येणार, आणि कोणत्या दिवशी?’ असे डॉक्टरांना आदराने विचारायला काहीच हरकत नाही. दवाखान्यात पदवी आणि नोंदणी क्रमांक लावलेला असतो. तो पाहून घ्यावा. उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी ऑटोक्लेव्ह वापरतात का आणि काम करताना रबर डॅम लावतात का, हे दोन प्रश्न मी कोणालाही विचारायला सांगतो. रबर डॅम म्हणजे काय आणि त्याचे महत्त्व काय, हे पुढे येईल.

खर्च परवडणार नसेल तर पंचवटीत मुंबई-आग्रा रोडवर महात्मा गांधी विद्यामंदिराचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. दंत महाविद्यालयांत उपचार विद्यार्थी आणि पदव्युत्तर डॉक्टर करतात, पण प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात. केसपेपर काढून आधी तपासणी विभागात, मग एक्स-रेसाठी आणि तिथून संबंधित विभागात पाठवतात. त्यामुळे सकाळी लवकर जावे आणि अर्धा दिवस हाताशी ठेवावा. खासगी दवाखान्यापेक्षा खर्च कमी आणि वेळ जास्त, असा हा हिशेब आहे, आणि ज्यांना वेळ काढता येतो त्यांच्यासाठी तो चांगला आहे.

पेठ, सुरगाणा, इगतपुरी, सिन्नरकडून एसटीने येणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत अंतर सांगावे. नस अजून जिवंत असलेला साधा दात एका सिटिंगमध्येही पूर्ण करता येतो. पू झालेल्या दाताला सहसा दोन किंवा तीन सिटिंग लागतात. द्राक्षबागायतदारांनी तर वेळापत्रक आधीच ठरवावे. निफाड-दिंडोरीकडे गोडी छाटणी सुरू झाली किंवा माल काढायला आला की घरातले कोणी दवाखान्यात फिरकत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत अर्धवट राहिलेली दाढ कच्च्या, म्हणजे तात्पुरत्या, सिमेंटवर चालवली जाते. बागेचे काम तोंडावर आले असेल तर डॉक्टरांना तसे सांगून, कॅपपर्यंतचे सारे काम त्याआधी बसते का हे पाहावे.

पहिली भेट

डॉक्टर आरशाच्या दांड्याने दातावर हलकेच टकटक करून पाहतात, हिरडी चाचपतात आणि अतिशय थंड केलेला कापसाचा बोळा दाताला लावतात. थंडाची सणक लगेच ओसरली तर नस वाचण्याची शक्यता असते. ती रेंगाळली तर नस सुजलेली असते. काहीच जाणवले नाही तर बहुधा मेलेली. या वेळी धीर दाखवण्यासाठी ‘काही नाही’ म्हणू नये. जे वाटते ते जसेच्या तसे सांगावे, कारण निदान त्यावरच ठरते. त्यानंतर त्या एका दाताचा लहान एक्स-रे काढतात. डिजिटल यंत्रावर काढलेल्या अशा एका एक्स-रेतून मिळणारा किरणोत्सर्ग फारच थोडा असतो. निसर्गातून आपल्याला एका दिवसात जेवढा मिळतो, साधारण त्याच मापाचा.

आपल्या आजारांची आणि औषधांची माहिती न विचारताही द्यावी. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची बदललेली झडप, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणावरची इंजेक्शने, कोणत्याही औषधाची अॅलर्जी, गर्भारपण, यांतील प्रत्येक गोष्टीने डॉक्टरांचा निर्णय बदलू शकतो. झडप बदललेल्या रुग्णाला आधी अँटिबायोटिक द्यावे लागू शकते. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये; रूट कॅनॉलसाठी ती सहसा थांबवावी लागत नाही आणि अचानक थांबवण्यात हृदयाला धोका असतो. गर्भवतीला मधले तीन महिने सोयीचे असतात, मात्र ठणका किंवा संसर्ग असेल तर उपचार लांबवत नाहीत.

दात वाचवण्याजोगा आहे का, हे इथेच विचारून घ्यावे. हिरडीच्या वर सर्व बाजूंनी साधारण २ मिलिमीटर तरी निरोगी दात उरलेला असेल तर कॅपला पकड मिळते. दात मुळापर्यंत उभा तडकला असेल तर रूट कॅनॉलचा उपयोग होत नाही आणि वाकडी, अर्धी उगवलेली अक्कलदाढ बहुधा काढणेच बरे असते. इतर दातांच्या बाबतीत मात्र ‘काढून टाका, कटकट मिटवा’ असे घरचे कितीही म्हणाले तरी घाई करू नये. काढलेल्या दाढेच्या जागी शेजारचे दात हळूहळू कलतात, समोरची दाढ खाली किंवा वर सरकते आणि ती जागा नंतर भरायची तर ब्रिज (शेजारच्या दातांना आधार धरून बसवलेला कृत्रिम दात) किंवा इम्प्लांट (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात) लागते. ब्रिजसाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात आणि इम्प्लांट सहसा रूट कॅनॉल व कॅप यांच्या एकत्रित खर्चाहून महाग पडते. वरची दाढ काढली किंवा तिला सुई दिली की नजर जाते, ही भीती आपल्याकडे अजून ऐकू येते. तिला कोणताही आधार नाही.

खर्च विचारताना एकच आकडा विचारू नये. मुळांच्या उपचाराचे किती, त्यावरच्या पक्क्या सिमेंटचे आणि गरज पडल्यास पोस्टचे (मुळात बसवायच्या आधाराच्या खुंटाचे) किती, आणि कॅपचे किती, असे वेगवेगळे लिहून घ्यावे. जाहिरातीत स्वस्त दिसणारा आकडा अनेकदा फक्त पहिल्या भागाचा असतो आणि रुग्ण कॅपच्या वेळी पैशांअभावी थांबतो. बहुतेक आरोग्यविमा पॉलिसींत दातांचे नेहमीचे उपचार येत नाहीत, तेव्हा विम्याच्या भरवशावर न राहता आधी चौकशी करावी. चिठ्ठीवर दाताचा क्रमांक असतो तोही समजून घ्यावा. ३६ म्हणजे छत्तिसावा दात नव्हे; पहिला अंक जबड्याचा भाग सांगतो आणि दुसरा त्या भागात मधोमधपासून कितवा दात ते. १ म्हणजे वरचा उजवा भाग, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. म्हणजे ३६ ही खालची डावीकडची पहिली मोठी दाढ, जी साधारण सहाव्या वर्षी येते आणि इतकी लवकर येत असल्यामुळे किडीलाही लवकर बळी पडते. बिलावर, एक्स-रेवर आणि चिठ्ठीवर हाच क्रमांक आहे ना, हे पाहण्याची सवय ठेवावी.

सुई आणि पहिली सिटिंग

उपाशी जाऊ नये. एकादशी किंवा श्रावणी सोमवार असला तरी उपवासाचे का होईना, काहीतरी खाऊन आणि नेहमीच्या गोळ्या घेऊन जावे, कारण नंतर दोन-तीन तास तोंड बधिर राहते आणि मधुमेही माणसाची साखर तेवढ्या वेळात उतरू शकते.

बधिर करण्यासाठी बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन वापरतात. वरच्या दाताला त्याच दाताजवळ सुई देतात. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला देतात, आणि मग त्या बाजूचा अर्धा ओठ जाड झाल्यासारखा वाटतो. औषधात अॅड्रेनालिन असल्यास काही क्षण छाती धडधडते. ती थोड्याच वेळात शांत होते, पण डॉक्टरांना सांगावे. पाच-दहा मिनिटे थांबून मगच काम सुरू होते. पुष्कळ जणांना वाटते की यानंतर थोडे दुखणारच आणि ते सोसायचे असते. तसे नाही. फार सुजलेली नस, विशेषतः खालच्या दाढेची, पहिल्या इंजेक्शनने पुरती बधिर होत नाही, हे डॉक्टरांना माहीत असते आणि त्यावर उपाय असतात: आणखी औषध, दाताच्या मुळालगत दिलेले इंजेक्शन, किंवा नस उघडल्यावर थेट तिच्यात दिलेले. सुरुवातीलाच ‘दुखले तर डावा हात वर करीन’ असे ठरवून घ्यावे आणि दुखल्यास खरोखरच करावा. मुठी आवळून सोसण्याने कोणाचाच फायदा होत नाही. रुग्ण अचानक हलला तर उलट इजा होते.

यानंतर दातावर रबराचे पातळ चौकोनी पटल बसवतात आणि त्याच्या छिद्रातून तेवढा एकच दात वर येतो. हा रबर डॅम. १८६४ साली अमेरिकेतील सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने तो प्रथम वापरला आणि आजही त्याला तोड नाही. लाळेतले जंतू मुळात शिरत नाहीत, बारीक उपकरण घशात पडण्याची भीती राहत नाही आणि धुण्याचे तिखट औषध जिभेवर येत नाही. सुरुवातीला कोंडल्यासारखे वाटते. नाकाने संथ श्वास घेत राहिले की दोन मिनिटांत सवय होते. सर्दीने नाक बंद असेल तर त्या दिवशी आधीच सांगावे.

मग एअरोटरने, म्हणजे दात कोरण्याच्या वेगवान यंत्राने, कीड काढून दाताच्या चावण्याच्या बाजूने, समोरच्या दाताला मागच्या बाजूने, आतल्या पोकळीपर्यंत वाट केली जाते. समोरच्या दातात बहुधा एकच वाहिनी असते, खालच्या मोठ्या दाढेत सहसा तीन आणि वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत तीन किंवा चार. ही चौथी अतिशय बारीक असते आणि सुटून गेली तर उपचार फसण्याचे ते एक नेहमीचे कारण ठरते. तज्ज्ञ भिंगाचा किंवा सूक्ष्मदर्शकाचा वापर करतात तो तिच्यासाठीच. वाहिन्या साफ करण्याच्या सुयांना फाइल म्हणतात. त्यांच्या मुठी रंगीत असतात, प्रत्येक रंग एका जाडीचा, आणि सुईवर रबराची लहानशी चकती असते. मुळाची लांबी मोजून झाली की ती चकती तेवढ्या मापावर सरकवतात, म्हणजे सुई मुळाच्या टोकाबाहेर जात नाही. लांबी मोजण्यासाठी ओठाला एक वाकडी धातूची तार अडकवतात आणि फाइल टोकाजवळ गेली की यंत्र टिकटिक वाजू लागते. हे अॅपेक्स लोकेटर. त्याने दुखत नाही. काही डॉक्टर फाइल आत ठेवून एक्स-रे काढूनही खात्री करतात.

फाइल फक्त वाट रुंद करते. जंतू खऱ्या अर्थाने मारते ते सोडियम हायपोक्लोराइट. पोहण्याच्या तलावापाशी येतो तसा वास आला की समजावे, ते चालू आहे. ते मेलेली नस विरघळवते आणि फाइल जिथे पोहोचत नाही अशा कोपऱ्यांत जाते, म्हणून ते पुन्हा पुन्हा आणि सावकाश घालावे लागते. सिटिंगला वेळ लागतो तो पुष्कळसा यामुळे, आणि तो वेळ कमी व्हावा अशी घाई रुग्णाने करू नये. या द्रवामुळे घशात कडवट चव आली किंवा हिरडी चुणचुणली तर लगेच हात वर करावा, कारण त्याचा अर्थ रबर कुठेतरी सैल आहे. क्वचित फाइलचा तुकडा आत मोडतो. तेवढ्याने दात गेला असे होत नाही, परंतु तसे झाल्यास ते रुग्णाला सांगितले गेले पाहिजे आणि नोंदवले गेले पाहिजे.

दुसरी सिटिंग लागणार असेल तर मुळांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध भरून वर कच्चे सिमेंट लावतात.

मधले दिवस

बधिरपणा जाईपर्यंत काही चावू नये आणि गरम चहाही घेऊ नये. ओठ किंवा गाल चावला गेला, भाजला, तरी त्या वेळी कळत नाही. लहान मुलांवर तर लक्षच ठेवावे. बधिरपणा उतरल्यावर दोन-तीन दिवस दात दाबल्यावर दुखणे साहजिक आहे, दिलेली गोळी वेळेवर घेतल्याने ते आटोक्यात राहते. त्या बाजूने कडक चिवडा, भाजलेले मक्याचे कणीस, सुपारी असले काही खाऊ नये. मऊ भात, खिचडी, पातळ भाजी दुसऱ्या बाजूने खावी. मिसळीचा झणझणीत रस्सा चार दिवस राहू द्यावा, कारण इंजेक्शनची जागा आणि हिरडी त्याने चांगलीच झोंबते. तोंड मिटल्यावर तो दात सगळ्यांत आधी टेकत असेल तर सिमेंट उंच राहिले आहे. परत जाऊन घासून घ्यावे, तेवढ्यानेही दुखणे निम्म्यावर येते. गालावर सूज आली, ताप आला किंवा दुखणे दिवसेंदिवस वाढत गेले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करावा.

आणि इथेच बहुतेक जण थांबतात. आठवड्याभराने ठणका नाही, गोळ्या नाहीत, सातपूर-अंबडला शिफ्ट चालू आहे, रजा कशाला खर्च करायची असे वाटते. कच्चे सिमेंट काही आठवड्यांचाच आडोसा आहे. चावताना ते झिजते, कडेने लाळ झिरपते आणि साफ केलेल्या वाहिन्यांत जंतू पुन्हा वस्ती करतात. शिवाय आतून पोखरलेला दात कॅपशिवाय एखाद्या दाण्यावर उभा चिरतो आणि मग तो काढण्यावाचून मार्ग उरत नाही. सिमेंट मधेच पडले तर दुसऱ्याच दिवशी जाऊन पुन्हा लावून घ्यावे. पैशांची किंवा रजेची अडचण असेल तर डॉक्टरांना तसे मोकळेपणाने सांगावे. कॅप पुढे ढकलायची तर निदान मुळे भरून पक्के सिमेंट तरी करून घेता येते आणि दाढेची टोके थोडी घासून ठेवता येतात.

भरण आणि कॅप

वाहिन्या स्वच्छ आणि कोरड्या झाल्या, पू किंवा सूज उरली नाही, की त्यांत गटापर्चा भरतात. हा एका झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ असून तो सीलरसह (फटी बुजवणाऱ्या सिमेंटसह) घट्ट बसवला की जंतूंना आत जायला जागा राहत नाही. भरण झाल्यावरचा एक्स-रे पडद्यावर दाखवण्याची विनंती जरूर करावी. त्यात मुळांमधून पांढऱ्या रेषा उतरलेल्या दिसतात. त्या मुळाच्या टोकाच्या अगदी जवळ, साधारण २ मिलिमीटरच्या आत, संपलेल्या असाव्यात आणि मधे काळी पोकळी दिसू नये. रेषा अर्ध्यावरच थांबली असेल तर कारण विचारावे. वाहिनी बंद असणे हे कधीकधी खरे कारण असते, पण ते रुग्णाला माहीत असायला हवे.

दाढांना आणि उपदाढांना सहसा कॅप लागतेच. समोरच्या दाताला छिद्र लहान असेल आणि बाकी दात शाबूत असेल तर नुसत्या पक्क्या भरणावर भागू शकते. कॅपसाठी दात सगळीकडून घासून माप घेतात आणि लॅबमधून ती येईपर्यंत काही दिवस तात्पुरती कॅप लावतात. पूर्ण धातूची कॅप मजबूत असते आणि तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो. मागच्या, न दिसणाऱ्या दाढेला ती अजूनही चांगली निवड आहे. धातूवर सिरॅमिक असलेली कॅप दाताच्या रंगाची असते, पण तिचा वरचा थर काही वेळा उडतो. झिर्कोनिया हे टणक सिरॅमिक रंगालाही चांगले आणि भक्कमही, मात्र महाग. कॅप कायमची चिकटवण्याआधी ती नुसती बसवून पाहतात, त्या वेळी घाई करू नये. तोंड मिटून, जबडा दोन्ही बाजूंना सरकवून पाहावा. उंच वाटली तर सांगावे. शेजारच्या दातांच्या मधून दात साफ करण्याचा धागा (फ्लॉस) अडखळत पण जातो ना, हेही डॉक्टरांना तपासायला सांगावे, कारण फट राहिली तर प्रत्येक जेवणात भाजीचे तंतू तिथे अडकून हिरडी दुखत राहते.

त्यानंतर

सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक एक्स-रे काढून घ्यावा. मुळाच्या टोकाशी हाड झिजल्याचा काळा डाग आधी असेल तर तो लहान होत गेलेला दिसला पाहिजे. मोठा डाग भरायला वर्षाहून अधिक काळही लागतो. पुटकुळी पुन्हा आली, चावताना दुखू लागले किंवा कॅप हलू लागली तर लगेच दाखवावे. उपचार बिघडला तरी जुने भरण काढून तो पुन्हा करता येतो, आणि तेव्हा मात्र एंडोडॉन्टिक्सच्या तज्ज्ञांकडेच जावे.

कॅपच्या कडेला, हिरडीलगत, पुन्हा कीड लागू शकते आणि आता त्या दातात नस नसल्यामुळे सणक येऊन कोणी सावध करणार नाही. म्हणून रात्री झोपण्यापूर्वीचे ब्रश करणे आणि कॅपच्या कडेने धागा फिरवणे चुकवू नये. उपचाराआधीचा, भरणानंतरचा आणि नंतर काढलेला प्रत्येक एक्स-रे बिलांसह एका पाकिटात किंवा मोबाइलमध्ये, तारीख आणि दाताचा क्रमांक लिहून ठेवावा. पुढे डॉक्टर बदलले, गाव बदलले, तरी नव्या डॉक्टरांना हाडाचा डाग घटला की वाढला हे ते शेजारी शेजारी ठेवूनच ठरवता येते.